छापील कॅनव्हासवर पुन्हा चित्र काढता येतं का? जुना प्रिंट रंगवायला घेण्याआधी हे वाचा

घर बदलताना किंवा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक तरी कॅनव्हास प्रिंट निघतोच. कुणी भेट दिलेला सूर्यास्त असतो, हॉटेलच्या लॉबीतून भंगारात निघालेली झाडं असतात, नाहीतर दहा वर्षांपूर्वी हौसेनं छापून घेतलेला लग्नाचा फोटो असतो. चित्र नकोसं झालेलं असतं, पण मागची लाकडी फ्रेम मजबूत असते आणि कापडही ताणलेलं असतं. नवा ताणलेला कॅनव्हास घ्यायचा म्हटलं तर खिशाला कात्री लागते, आकार मोठा असेल तर चांगलीच. मग मोबाइलवर एक रील दिसतं. जुन्या प्रिंटवर पांढऱ्या रंगाचा एक हात, त्यावर झकास नवं चित्र, सगळं तीस सेकंदांत.

हे खरंच इतकं सोपं आहे का? अ‍ॅक्रिलिकसाठी बऱ्याचदा आहे. ऑइल रंगांसाठी थोडं कमी. काही प्रिंटच्या बाबतीत मात्र अजिबात नाही. तुमचा प्रिंट यांतला कुठला, हे त्या कापडावर आधी काय काय थापलेलं आहे यावर ठरतं, आणि रीलमध्ये नेमकं तेच सांगितलेलं नसतं.

आधी एक खात्री करा: हे कॅनव्हास आहे की फ्लेक्स?

आपल्याकडे हा घोळ फार होतो. चौकात लागतो तो वाढदिवसाचा बॅनर म्हणजे फ्लेक्स, म्हणजेच पीव्हीसी प्लास्टिक. तो लवचिक राहावा म्हणून त्यात प्लास्टिक मऊ करणारी रसायनं मिसळलेली असतात. ती रसायनं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि वरचा रंग चिकट करतात. म्हणजे आज छान वाळलेलं चित्र काही महिन्यांनी बोटाला चिकटू लागतं. वर प्लास्टिक गुळगुळीत असल्यामुळे रंगाला धरायलाही जागा नसते. कितीही जेसो लावला तरी हा प्रश्न सुटत नाही, त्यामुळे फ्लेक्सवर टिकाऊ चित्राची आशा धरू नये. शाळेच्या नाटकाचा पडदा एका दिवसापुरता रंगवायचा असेल तर चालेल.

ओळखायला सोपं आहे. मागची बाजू बघा. सुताची वीण दिसत असेल आणि कडेला धागे सुटत असतील तर ते कॅनव्हास आहे. मागेही गुळगुळीत प्लास्टिक आणि आत जाळी दिसली तर तो फ्लेक्स.

छापील कॅनव्हासच्या पोटात काय असतं?

चित्रकाराच्या दुकानात मिळणाऱ्या कॅनव्हासवर जेसोचं अस्तर असतं. अ‍ॅक्रिलिकच्या चिकात खडूची भुकटी आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य मिसळून जेसो बनतो. तो वाळला की पृष्ठभाग किंचित खरखरीत आणि थोडा शोषक होतो, म्हणून रंग त्याला धरून राहतो.

इंकजेट कॅनव्हासचं कापडही सुती, पॉलिस्टर किंवा दोन्हींचं मिश्रण असतं, पण त्याच्यावरचा थर वेगळ्या कामासाठी बनवलेला असतो. नोझलमधून उडालेला शाईचा बारीक थेंब पडताक्षणी जागच्या जागी शोषला जावा, पसरू नये, हे त्याचं काम. त्यासाठी त्यात सिलिकासारख्या अतिसूक्ष्म कणांची, सच्छिद्र रचना असते. शाईसाठी ती उत्तम, पण ओलं जाड जेसो किंवा तेल पोटात घेऊन वर्षानुवर्षं राहायला ती बनवलेली नाही. स्वस्त कॅनव्हासवर हा थर पाण्यानं फुगतो, तर कधी फ्रेमच्या घडीवर तडकून त्याचे पोपडेही निघतात.

त्याच्यावर असते शाई, आणि खरी गोम इथे आहे. घरगुती आणि फोटो स्टुडिओतले बरेच प्रिंटर पाण्यात विरघळणारी शाई वापरतात. त्यातही दोन जाती आहेत. डाय शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. पिगमेंट शाई एकदा बसली की बऱ्यापैकी जागा धरते. डाय शाईवर मात्र ओला जेसो लावलात की ती त्यात परत विरघळते. पांढरा हात मारला आणि दहा मिनिटांत तो गुलाबी किंवा निळसर झाला, असं कुणी सांगितलं तर समजावं, खाली डाय शाई आहे. दुसरा हात मारला तरी तीच गुलाबी छटा पुन्हा वर येते, त्यामुळे वैतागून जेसोची बाटली संपवण्यात अर्थ नाही.

व्यावसायिक छपाईत सॉल्व्हंट, लेटेक्स आणि यूव्ही या शाया येतात. पाण्याला या तिन्ही बधत नाहीत, म्हणजे रंग वर येण्याची भीती संपली. पण इथे दुसरी अडचण येते. यूव्ही शाई अतिनील प्रकाशानं जागेवरच कडक केलेली असते. तिचा पापुद्रा शोषक नसतो आणि वाकवला तर तडकू शकतो. खालचा पापुद्रा तडकला की तुमचं चित्रही त्याच्याबरोबर तडकतं.

एवढं करून वर बहुतेक वेळा व्हार्निश असतं, किंवा चकचकीत प्लास्टिकची फिल्म चढवलेली असते. रंगवणाऱ्याचा ब्रश टेकतो तो या शेवटच्या थरावर. तो थर सुटला की त्याच्यावरचं सगळंच सुटलं.

पाच मिनिटांची तपासणी

ज्याच्याकडून छापून घेतलं त्याला फोन करून शाई कुठली होती ते विचारणं, हा सगळ्यात सोपा मार्ग. ते शक्य नसेल तर फ्रेमच्या बाजूच्या किंवा मागच्या घडीवर, जिथे नुकसान दिसणार नाही अशा जागी, ओला पांढरा कापूस अर्धा मिनिट घासा. कापसाला रंग लागला तर शाई पाण्यात विरघळते आणि वर व्हार्निशही नाही. रंग लागला नाही तर शाई पक्की आहे किंवा वर संरक्षक थर आहे.

मग पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो शोषला गेला तर जेसो बसायला वाव आहे. पानावरच्या दवासारखा गोल राहिला तर पृष्ठभाग बंद आहे, आधी घासावा लागेल. शेवटी एका कोपऱ्यात नख घालून बघा. प्लास्टिकची फिल्म सुटून येत असेल तर या बाजूचा नाद सोडा. अशा फिल्मवर लावलेला जेसो पुढे कधीतरी फिल्मसकट सोलून निघतो.

अ‍ॅक्रिलिकसाठी तयारी

शाई पक्की आहे आणि फिल्म नाही, असं निघालं तर काम सरळ आहे. धूळ कोरड्या फडक्यानं पुसा. चकाकी असेल तर २२०च्या आसपासच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासा, चकाकी जाऊन मातकटपणा येईपर्यंतच. कापड उघडं पडलं तर जरा जास्तच झालं. घासणं कोरडंच करा, कारण पाणी लावून घासलं तर खालचा शाईशोषक थर फुगू शकतो. तोंडाला मास्क हवाच. त्या थरातल्या सिलिकाची आणि रंगद्रव्यांची भुकटी फुप्फुसात जाऊन उपयोगाची नाही. खिडकी उघडी ठेवा, आणि पंखा बंद.

त्यानंतर जेसोचे पातळ हात, एक आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. गडद प्रिंट असेल तर तिसरा आणि चौथाही लागू शकतो. एकाच जाड हातात झाकण्याचा मोह होतो, पण जाड थर वाळताना भेगाळतो आणि खालच्या कापडाला जास्त पाणी पाजतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेतच इतकं पाणी असतं की वाळायला दुप्पट वेळ लागला तरी नवल नाही. हाताला थंड लागतंय म्हणजे आतून अजून ओलं आहे.

डाय शाई असेल तर जेसोच्या आधी एक अडसर उभा करावा लागतो. पाण्याऐवजी सॉल्व्हंटमध्ये असलेला अ‍ॅक्रिलिक व्हार्निशचा स्प्रे इथे कामी येतो. दोन-तीन हलके फवारे मारून पूर्ण वाळू द्यायचे आणि मग जेसो. स्प्रे गच्चीत किंवा बाल्कनीत मारा, बंद खोलीत नाही. भिंतीवरचे डाग दाबायला रंगारी चपडा म्हणजे लाखेवर आधारित प्रायमर वापरतात. तोही शाई अडवतो, पण लाख ठिसूळ असते आणि ताणलेलं कापड सतत हलत असतं. म्हणून तो उपाय कॅनव्हास फळीवर चिकटवला असेल तरच करावा. फळीवर चिकटवणं हा यूव्ही शाईच्या प्रिंटवरही चांगला तोडगा आहे. कापड वाकलंच नाही तर पापुद्रा तडकण्याचं कारणच उरत नाही.

ऑइल रंग का जास्त नाठाळ?

ऑइल रंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं आणि ही क्रिया वर्षानुवर्षं चालू राहते. हेच तेल सुती धाग्यात मुरलं तर धागा पिवळा, ठिसूळ आणि शेवटी कुजका होतो. म्हणून जुने युरोपीय चित्रकार कापडाला आधी सशाच्या कातड्याचा सरस लावायचे, तेल आणि धागा यांच्यात आडोसा म्हणून. आज तेच काम अ‍ॅक्रिलिकचं अस्तर करतं.

इंकजेटचा थर सच्छिद्र असतो, म्हणजे तेल पिऊन टाकणारा. थेट त्याच्यावर ऑइल रंग लावला तर रंगातलं तेल खाली ओढलं जातं आणि वर निस्तेज, कोरडा, भुकटीसारखा रंग उरतो. व्हार्निश असेल तर उलटी अडचण. काही व्हार्निश मुद्दाम टर्पेंटाइनसारख्या द्रावकांनी काढता यावेत असेच बनवलेले असतात. त्यांच्यावर पातळ केलेल्या ऑइल रंगाचा पहिला हात फिरवला की व्हार्निशच विरघळून ब्रशला लागतं.

तेव्हा ऑइलसाठी अस्तराला सुट्टी नाही. जेसोचे निदान तीन हात द्या आणि शेवटच्या हातानंतर किमान तीन दिवस थांबा. जेसो तासाभरात कोरडा वाटतो खरा, पण आतलं पाणी आणि इतर द्रव्यं बाहेर पडायला वेळ लागतो. पुढे नेहमीचा नियम: आधी पातळ, कमी तेलाचा रंग, त्यावर जास्त तेलाचा. खालचा थर अ‍ॅक्रिलिकचा आणि वरचा ऑइलचा, हा क्रम चालतो. उलटा नाही. ऑइलवर अ‍ॅक्रिलिक लावलं की आज ना उद्या त्याचे पोपडे निघतात.

ऑइलचा आणखी एक स्वभाव आहे, तो फार सावकाश कळतो. वय वाढतं तसा तेलाचा थर अधिक पारदर्शक होत जातो. खाली काळंभोर छापील झाड असेल आणि वर थेट ऑइलचं फिकट आकाश, तर काही दशकांनी त्या आकाशात झाडाचं भूत दिसू लागतं. जुन्या चित्रांत बदललेला हात किंवा हलवलेली टोपी अशीच वर आलेली दिसते. पेंटिमेंटो हा त्यासाठीचा इटालियन शब्द, त्याचा मूळ अर्थ पश्चात्ताप. जेसोतलं टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाश जोरात परतवतं, त्यामुळे चांगलं पांढरं अस्तर हा पश्चात्ताप रोखतं.

मोठं काम हाती घेण्याआधी चिकटपट्टीची परीक्षा घ्यावी. बाजूच्या घडीवर जेसो लावून आठवडाभर थांबायचं, ब्लेडनं बारीक चौकड्या पाडायच्या, वर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. रंगउद्योगातही थराची पकड अशीच तपासतात. पट्टीवर पांढरे चौकोन निघून आले तर त्या कॅनव्हासवर महिनाभराची मेहनत ओतू नका.

सोपी वाट: उलटं करा

अनेकदा शहाणपणाचा उपाय मागच्या बाजूला असतो. मागचे स्टेपल काढा, कापड उलटवा आणि छापील बाजू आत ठेवून पुन्हा ताणा. आता समोर कोरं कापड आहे. त्याला अ‍ॅक्रिलिक मीडियमचे एक-दोन हात देऊन धागे बंद करा आणि मग जेसो लावा. शाई कुठली, व्हार्निश कुठलं, हे प्रश्न बरेचसे मिटतात. एक पाहायचं: डाय शाई असेल आणि कापड पातळ असेल तर ओलाव्यानं रंग मागून पुढे झिरपू शकतो. दुसरं म्हणजे प्रिंट फ्रेमच्या मापाचाच कापलेला असेल तर पुन्हा ताणताना पकडीला कापड अपुरं पडतं. मग थोडी लहान फ्रेम घ्यावी लागते. आणि घडीवर थर तडकला असेल तर ती रेघ आता चित्राच्या आत येईल, हेही लक्षात घ्यावं.

गरजेपोटी कॅनव्हास परत वापरणारे थोर लोक

यात कमीपणा मानायचं कारण नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं १८८७ साली काढलेलं गवताचं एक चित्र नेदरलँड्सच्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. २००८ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग इथे शक्तिशाली क्ष-किरणांनी त्याची तपासणी झाली, तेव्हा खाली एका शेतकरी बाईचा चेहरा सापडला. पिकासोच्या १९०१च्या ‘द ब्लू रूम’ या चित्राखाली बो-टाय लावलेला एक दाढीवाला पुरुष दडलेला आहे, हे २०१४ मध्ये जाहीर झालं. दोघेही तेव्हा पैशाच्या विवंचनेत होते आणि कॅनव्हास महाग होता. एका बाबतीत तर आजचा विद्यार्थी त्यांच्यापेक्षा सुखी आहे. जुन्या ऑइल चित्राचे उंचवटे नव्या चित्रातून डोकावतात, प्रिंट मात्र सपाट असतो.

आणि प्रिंट न झाकता त्याच्यावरच रंगवलं तर?

इथे तंत्राचा प्रश्न संपतो आणि प्रामाणिकपणाचा सुरू होतो. छापील चित्रावर पारदर्शक जेसो लावून वरून ब्रशचे फटकारे मारायचे, म्हणजे लांबून ते हातानं काढलेलं वाटतं. सरावासाठी किंवा घरच्या भिंतीसाठी कुणाचंच काही बिघडत नाही. छापलेल्यावर हात फिरवण्याची हौस आपल्याकडेही जुनी आहे. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या ओलिओग्राफना घरोघरी जरी, टिकल्या आणि खऱ्या कापडाचे तुकडे लावून सजवलं जायचं. पण ते ‘अस्सल पेंटिंग’ म्हणून कुणी विकत नव्हतं.

बाजारात मात्र ही रेघ पुसट होते. उंची इंकजेट छपाईला ‘जिक्ले’ हे भारदस्त नाव १९९१ मध्ये अमेरिकेत जॅक डुगान या छपाईकारानं दिलं. ‘इंकजेट’ म्हटलं की ऑफिसातला प्रिंटर आठवतो, म्हणून फ्रेंच वळणाचा शब्द शोधला. थॉमस किंकेड या अमेरिकी चित्रकाराच्या कंपनीत तर छापील कॅनव्हासवर रंगाचे ठिपके द्यायला खास प्रशिक्षित माणसं होती. अशा चित्रांना ‘हस्तालंकृत प्रिंट’ म्हणून विकणं रास्त आहे. ‘ओरिजिनल ऑइल ऑन कॅनव्हास’ म्हणून विकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. ऑनलाइन चित्र विकत घेणाऱ्यांनी म्हणूनच जवळून काढलेला फोटो मागावा. भिंगातून पाहिलं तर प्रिंटमध्ये बारीक रंगीत ठिपके दिसतात, आणि वरचे फटकारे खालच्या आकारांशी फारसे जुळत नाहीत.

दुसरा प्रश्न कॉपीराइटचा. चित्र पूर्ण झाकून नवं काढलं तर खालच्या प्रिंटची नक्कल कुठे उरतच नाही. पण दुसऱ्याचं चित्र दिसत ठेवून, थोडं रंगवून ते विकलं तर प्रकरण वेगळं. यावर परदेशातली न्यायालयंही एकमतानं बोललेली नाहीत, आणि दोन्ही खटले गंमत म्हणजे कॅनव्हासचेच आहेत. कागदी पोस्टरवरची शाई रसायनानं उचलून कॅनव्हासवर चढवायची, कागद कोरा राहतो, अशी एक पद्धत आहे. २००२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध ३ अशा मतांनी ठरवलं की यात नवी प्रत तयार झाली नाही, सबब चित्रकार क्लोद तेबेर्ज यांचा दावा टिकत नाही. २०१५ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं ऑलपोस्टर्सच्या प्रकरणात उलट सांगितलं: माध्यम बदललं म्हणजे वस्तू नवी झाली, ती विकायला हक्कधारकाची परवानगी हवी.

भारतात चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, म्हणजे त्यांची चित्रं केव्हाच मुक्त झाली. इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या हयात चित्रकाराचं चित्र मात्र मुक्त नाही. त्याच्या प्रिंटवर चार फटकारे मारून ते आपल्या पेजवर विकायला ठेवलं, तर ‘प्रिंट मी विकत घेतला होता’ हे उत्तर पुरणार नाही. विकत घेतला तो कागद किंवा कापड, त्यावरच्या चित्राचे हक्क नाही.

शेवटचं एक छोटं काम. चित्र पूर्ण झालं की मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा: खाली छापील कॅनव्हास, शाई कुठली, वर जेसोचे किती हात, तारीख. उद्या कुणी चित्र विकत घेतलं किंवा दुरुस्तीला दिलं, तर दुरुस्त करणारा कापूस आणि द्रावक हातात घेण्याआधी आधी ती ओळ शोधेल.